घुमतंय, फाटतंय, दबतंय

फीडबॅक डिले. स्लॅपबॅक डिले. रीव्हर्ब. कोरस. फ्लँजर. फेजर. ट्रेमोलो. व्हिब्रॅटो. डिस्टॉर्शन. ओव्हरड्राइव्ह. आणि अकरावं, 'काहीच नाही'.

ही यादी एकदा मोठ्याने वाचून बघा. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतल्या संशोधकांनी २०१० साली मांडलेल्या एका कामातली ती आहे. त्यांचा प्रश्न साधा होता. गिटारचा एक सूर कॉम्प्युटरला ऐकवला, तर त्यावर कोणता इफेक्ट लावलाय हे त्याला आपोआप ओळखता येईल का? त्यासाठी त्यांनी ५५,०४४ छोट्या फाइल्स तयार केल्या. दोन इलेक्ट्रिक गिटार, दोन इलेक्ट्रिक बेस. बेसचे २०,५९२ सुटे सूर, गिटारचे तितकेच, आणि गिटारवर एका वेळी अनेक तारा छेडलेले १३,८६० आवाज. सूर आधी कोरा रेकॉर्ड करायचा, मग सॉफ्टवेअरमधून त्यावर एकेक इफेक्ट चढवायचा आणि फाइलवर त्याचं नाव टाकायचं. मशीनने ती नावं शिकायची.

मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो, त्यामुळे अशा याद्या रोज हाताखालून जातात. कोडमध्ये एखादी यादी ठरली की पुढची कित्येक वर्षं तो प्रोग्रॅम जगाकडे त्या यादीतूनच बघतो, आणि यादी ठरवणारा माणूस तोवर दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो. म्हणून मला वाटतं की कवितासंग्रह वाचतो तशा या याद्याही कुणीतरी बसून वाचायला हव्यात. इथे तेच करतोय.

या यादीत मला सगळ्यात जास्त खिळवून ठेवतो तो अकरावा शब्द. 'काहीच नाही'. म्हणजे कोरा आवाज. स्टुडिओच्या भाषेत ड्राय, सुका. बाकीचे दहा या सुक्या आवाजाला वेगवेगळ्या प्रकारे ओले करतात. आधी एक मूळ आवाज असतो, मग त्याला काहीतरी 'केलं' जातं, आणि मशीनचं काम काय केलं ते ओळखायचं. सगळी इमारत या एका गृहीतकावर उभी आहे. इलेक्ट्रिक गिटारच्या बाबतीत ते खरंही आहे. गिटारमधून वायर निघते, पायाखालच्या पेडलमध्ये जाते, तिथून अँम्प्लिफायरमध्ये. पेडल बंद केलं की कोरा सूर. बटण आहे, म्हणून नाव आहे.

आता मी ज्या गावचा आहे तिथे चला. खापर, तालुका अक्कलकुवा, जिल्हा नंदुरबार. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावरचं बाजाराचं गाव, गुजरातची हद्द जवळ, उत्तरेला सातपुडा. (गावाच्या नावावरून होणारे सगळे विनोद मी इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर ऐकून झालेत. चार वर्षांत खोलीतल्या प्रत्येक गोष्टीचं खापर माझ्यावर फुटलंय.) एका बाजारात देहवाली भिली, अहिराणी, गुजराती आणि मराठी इतक्या सहज चालतात की कोण कुठल्या भाषेत उधारी मागतोय हे बाहेरच्याला कळायला वेळ लागतो. लग्नसराईत इथल्या रात्री रोडालीच्या असतात. रोडाली म्हणजे आदिवासी लग्नांत वाजणारा बँड आणि त्याच बँडचं संगीतही. कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोल, एक-दोन गाणारे, आणि हात धरून रांगेत नाचणारी शंभर-दोनशे माणसं. यूट्यूबवर शोधलंत तर तासातासाचे व्हिडिओ मिळतील. आमच्याकडे ते फोनमधून फोनमध्ये फिरतात.

त्या रात्रीत 'काहीच नाही' कुठे आहे ते शोधून दाखवा.

गाणाऱ्याच्या तोंडापासून सुरुवात करू. माईक ओठाला टेकलेला, त्यामुळे खर्ज फुगलेला. तिथून मिक्सर, मिक्सरवर इको चढवलेला. इको कधी पूर्ण बंद केलेला मी तरी ऐकलेला नाही. इकोशिवाय गाणारा बिचकतो, आणि ऐकणाऱ्यालाही वाटतं की माईक बंद पडला. तिथून अँम्प्लिफायर, तो जरा जास्तच ताणलेला, त्यामुळे लाटेची टोकं कापली जाऊन आवाजाला खरखरीत धार आलेली. तिथून भोंगे. भोंगा खालचे आणि अगदी वरचे सूर गाळतो आणि मधलेच पुढे फेकतो. म्हणून तर तो शेताच्या पलीकडे ऐकू जातो. एक भोंगा मंडपाला, दुसरा रस्त्याच्या तोंडाशी शंभर मीटरवर. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे दोन्हींच्या मध्ये उभ्या असलेल्या माणसाला तीच ओळ दोनदा ऐकू येते, आणि दोन वेळांमधलं अंतर तो कुठे उभा आहे त्यावर ठरतं. एका भोंग्याला टेकून उभा असेल तर पाव सेकंदापेक्षा जास्त. बरोबर मध्यावर असेल तर शून्य. नाचणारी रांग सरकत असते, त्यामुळे हे अंतरही सरकत असतं.

मशीनच्या यादीने वाचायचं तर इथे डिले आहे, रीव्हर्ब आहे, डिस्टॉर्शन आहे, कदाचित कोरसही. पण सुका आवाज कुठेच नाही. गाणाऱ्या बाईचा माईक काढून घेतला तर जे उरेल ते रोडालीचं मूळ रूप नव्हे. ते फक्त माईक काढून घेतलेल्या बाईचं गाणं असेल.

कोरसचं थोडं थांबून बघू. पेडलवरचा कोरस मुळात नक्कल आहे. दोन वादक एकच सूर वाजवतात तेव्हा तो तंतोतंत एक नसतो. एकाचा ४४० हर्ट्झ, दुसऱ्याचा ४४३, तर दोघांच्या मध्ये सेकंदाला तीन वेळा एक लाट उठते आणि पडते. ही लाट म्हणजे गर्दीची खूण. १९७० च्या दशकात जपानी कंपन्यांनी ती इलेक्ट्रॉनिक पेटीत बसवली, म्हणजे एकटा गिटारवाला चार जणांसारखा ऐकू यावा. मग २०१० साली मशीनला ती पेटी ओळखायला शिकवलं गेलं. आता त्याच मशीनला हळदीला एकत्र गाणाऱ्या आठ बायका ऐकवा. सुरांची तीच घसट तिथेही आहे. मशीनकडे 'आठ बायका' हा पर्याय नाही. त्याच्या जगात गर्दी हा एकट्या आवाजावर चढवलेला इफेक्ट आहे.

इथे त्या संशोधकांची बाजू घेतली पाहिजे. त्यांनी गिटार आणि बेसपुरता प्रश्न विचारला आणि गिटार-बेसपुरतंच उत्तर दिलं. शीर्षकातच तसं लिहिलं. माझी तक्रार त्यांच्याशी नाही. तक्रार आहे ती पुढे पंधरा वर्षांत या प्रकारची अवजारं गिटारच्या खोलीतून बाहेर पडून सगळ्या जगाच्या आवाजावर चालायला लागली, तेव्हा खोलीचं गृहीतक सोबत आलं त्याच्याशी. आज खापरमधला एकोणीस वर्षांचा पोरगा एफएल स्टुडिओ उघडतो (लायसन्सचं विचारू नका), आणि त्याच्या आजूबाजूला आपोआप नावं ठेवणारं बरंच काही असतं. सॅम्पलच्या फोल्डरवर आपोआप लागलेले टॅग, गाणं वेगळं करून देणारी टूल्स, आवाज 'साफ' करणारं बटण, आणि आता शब्द लिहिला की इफेक्ट लावून देणारी टूल्स. त्याला याचा फायदा होतोच. तीन हजार सॅम्पलमधून किक शोधायला टॅग नसता तर रात्र गेली असती. पण प्रत्येक टॅग त्याला सांगतो की आवाजाला काय म्हणायचं असतं.

तर मग आमच्याकडे आवाजाला काय म्हणतात?

मी गेल्या दोन लग्नसराईंत साउंडवाल्यांच्या मागे उभा राहून हे ऐकलंय आणि फोनमध्ये टिपून ठेवलंय. घुमतंय. फाटतंय. दबतंय. बोचतंय. कोंडतंय. शिट्टी मारतंय. उठत नाहीये. वाऱ्यावर जातंय. अहिराणीत 'फाटी राहिना'. रिहर्सलला, साउंड लावताना, भांडणात, सगळीकडे हेच. 'उबदार आवाज' असं एकदाही नाही. 'चमकदार', 'गडद' नाही. 'खणखणीत' आणि 'भरदार' येतात, पण ते गाणाऱ्याबद्दल, आणि बहुतेक वेळा गाणं संपल्यावर.

यादी वाचताना माझ्या उशिरा लक्षात आलं की ही जवळपास सगळी क्रियापदं आहेत.

याचं महत्त्व कळायला दुसरी बाजू बघावी लागते. २०१४ साली बर्मिंगहॅम सिटी युनिव्हर्सिटी आणि लंडनच्या क्वीन मेरी युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी सेफ नावाचा प्रकल्प मांडला. माझ्या मते या सगळ्या क्षेत्रातली ही सगळ्यात सुंदर कल्पना आहे. त्यांनी चार प्लगइन बनवले, ईक्यू, कॉम्प्रेसर, डिस्टॉर्शन आणि रीव्हर्ब. वापरणाऱ्याने आपल्या गाण्यावर नॉब फिरवायचे, मनासारखा आवाज झाला की एका चौकटीत त्या आवाजाला स्वतःचा शब्द द्यायचा आणि सेव्ह करायचं. नॉबच्या जागा, आवाजाची मोजमापं आणि तो शब्द, तिन्ही सर्व्हरवर जमा. पुढच्या माणसाने तोच शब्द लिहिला की प्लगइन नॉब आपोआप फिरवून देणार. त्याआधी वर्षभर अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीतल्या मार्क कार्टराइट आणि ब्रायन पार्डो यांनी सोशल ईक्यू केलं होतं. तुम्ही शब्द सांगा, आम्ही एकच आवाज वेगवेगळ्या प्रकारे बदलून ऐकवतो, प्रत्येक वेळी तो तुमच्या शब्दाला किती लागू पडतो ते सांगा. त्यावरून त्या शब्दाचा ईक्यू तयार होतो. इंग्रजी आणि स्पॅनिश, दोन्ही भाषांत त्यांनी शब्द गोळा केले.

बघा, इथे यादी वरून आलेली नाही. नाव ठेवायचा अधिकार आवाज बनवणाऱ्याकडे आहे. पन्नास हजार फाइल्सवर एकाच माणसाने शिक्के मारण्यापेक्षा हे कितीतरी मोकळं आहे.

पण जमलेले शब्द वाचा. सेफमध्ये सगळ्यात जास्त दिसतात ते वॉर्म आणि ब्राइट. उबदार आणि उजळ. विशेषणं. चौकटच अशी आहे की तिथे विशेषणच लिहावंसं वाटतं, कारण प्लगइन विचारतं 'हा आवाज कसा आहे?' हेडफोन लावून, बंद खोलीत, एका माणसाने उत्तर द्यायचंय. अशा वेळी आवाज वस्तूसारखा वाटतो. फाइलमध्ये असतो, तिला रंग असतो, तापमान असतं, ती तुम्ही कुणालाही पाठवलीत तरी तिचा रंग तिच्यासोबत जातो.

'घुमतंय' असं जात नाही. साउंडवाला 'घुमतंय' म्हणतो तेव्हा तो आवाजाचा गुण सांगत नसतो. आत्ता, इथे, या पत्र्याच्या शेडखाली, या कोपऱ्यात काय घडतंय ते सांगत असतो. शेडबाहेर चार पावलं टाकली की घुमत नाही. 'दबतंय' म्हणजे कशाखाली तरी दबतंय, ढोलाखाली किंवा शेजारच्या गल्लीतल्या डीजेखाली. 'वाऱ्यावर जातंय' हे तर फाइलमध्ये शोधूनही सापडणार नाही. वारा फाइलमध्ये नसतो. या क्रियापदांना कर्ता लागतो, जागा लागते, वेळ लागते, आणि ऐकणारा कुठे उभा आहे हेही लागतं. ती फाइलवर चिकटवायची म्हटली तर चिकटणारच नाहीत. एखाद्या टूलने उद्या 'घुमतंय: ८७ टक्के' असं दाखवलं तर आमचा साउंडवाला विचारेल, कुठे?

माझे ऑफिसमधले मित्र यावर सांगतात की हा डेटाचा प्रश्न आहे. भारतीय आवाज कमी आहेत, वाढवा, सुटेल. मोठ्या याद्या बघितल्या तर त्यांचं म्हणणं पटतंही. गूगलने २०१७ मध्ये ऑडिओसेट प्रसिद्ध केला. यूट्यूबवरचे दहा-दहा सेकंदांचे वीस लाखांहून जास्त तुकडे, त्यावर ५२७ प्रकारची लेबलं. आजची कित्येक टूल्स कुठेतरी या यादीवर पोसलेली आहेत. तिच्यात तबला आहे, सतार आहे, कर्नाटक संगीत आहे, 'बॉलिवूडचं संगीत' असाही एक प्रकार आहे. इफेक्ट्स युनिट आणि कोरस इफेक्ट ही दोन लेबलं आहेत. ढोल नाही. अक्कलकुवा तालुक्यातल्याच काठी गावची राजवाडी होळी तुम्ही ऐकली असेल, निदान रीलवर तरी. रात्रभर माणूस उचलून थकेल असे ढोल, कमरेला घुंगरं आणि सुके भोपळे बांधून नाचणारे, पहाटे पेटणारी होळी. त्या आवाजासाठी मी ५२७ लेबलं वरपासून खालपर्यंत वाचली. त्यातल्या त्यात जवळचे दोन शब्द सापडले, 'क्राउड' आणि 'कॅकोफनी'. गर्दी आणि गोंगाट.

ढोल जरूर घाला. पावरीही घाला, भोपळा-बांबूचं ते वाद्य कुणा मशीनला कळलं तर मला आनंदच होईल. पण त्याने यादी पाचशे सत्तावीसची पाचशे तीस होईल, आणि सुक्या-ओल्याचा प्रश्न होता तिथेच राहील. किंबहुना जास्त अवघड होईल. आता 'ढोल' या लेबलखाली स्वच्छ स्टुडिओत वाजवलेला एकटा ढोल येईल, आणि होळीतले एकमेकांत मिसळलेले वीस ढोल हे त्या ढोलाचं बिघडलेलं रूप ठरेल.

हे कल्पनेतलं नाही, याचा व्यवहार रोज चालू आहे. गाण्यातून आवाज वेगळे काढणारी टूल्स तुम्ही वापरली असतील. मूळ गाण्यातून गायकाचा आवाज उचलायचा आणि खाली नवा बीट टाकायचा, अर्ध्या खानदेशातलं डीजे मिक्स यावर चालतं. यातली बहुतेक टूल्स गाण्याचे चार भाग करतात. गायन, ड्रम, बेस आणि इतर. ही चौकट संशोधनातल्या एका प्रसिद्ध संग्रहात घट्ट झाली, एमयूएसडीबी१८, एकूण १५० गाणी. पॉप आणि रॉकसाठी ती ठीक चालते. रोडालीचं एक रेकॉर्डिंग मी अशाच एका फुकट टूलमध्ये टाकलं. ढोलाची थाप 'ड्रम'मध्ये गेली आणि त्याची घुमी 'बेस'मध्ये. एकाच ढोलाचे दोन तुकडे. नाचणाऱ्यांच्या आरोळ्या 'गायन'मध्ये घुसल्या. आणि गाण्याचा जीव असलेली कीबोर्डची ती पिरगळलेली, शहनाईच्या जवळ जाणारी सुरावट 'इतर'मध्ये. सोबत मंडप, भोंगा, रस्त्यावरचा ट्रक.

इतर. रेशनच्या फॉर्मवर, जातीच्या दाखल्यावर, शाळेच्या रजिस्टरमधल्या मातृभाषेच्या रकान्यात हा शब्द आमच्याकडे पोरं लहानपणीच वाचायला शिकतात. त्यामुळे स्क्रीनवर तो बघून धक्का वगैरे बसला नाही. पण या वेळी रकाना भरणारा कारकून नव्हता आणि हुज्जत घालायला समोर कुणी नव्हतं, हा फरक आहे.

आणि मग ती कॅसेट. माझ्या फुईच्या लग्नाची, नव्वदच्या दशकातली. कुणीतरी टेपरेकॉर्डर हळदीच्या खोलीत ठेवून दिला होता. बायका जात्यावर हळद दळतायत आणि गातायत. एक सांगणारी, बाकीच्या उचलणाऱ्या, खाली जात्याची अखंड घरघर, मध्येच कुणाचं तरी पोर रडतंय. आजी गेल्यावर मामाच्या मुलाने ती कॅसेट मोबाईलमध्ये उतरवली आणि एका क्लिकमध्ये आवाज स्वच्छ करणाऱ्या एका टूलमधून काढून घरच्या ग्रुपवर पाठवली. त्याने प्रेमाने केलं होतं. मूळ फाइलही जपून ठेवली आहे. पण 'स्वच्छ' फाइलमध्ये जातं नाही. एकसारखा, न थांबणारा, सगळ्या सुरांमध्ये पसरलेला आवाज म्हणजे नॉइज, अशी या टूल्सची शिकवण असते, आणि जात्याची घरघर त्या व्याख्येत अगदी चपखल बसते. एका माणसाचं बोलणं वाचवायचं हेही त्यांनी शिकलेलं असतं. त्यामुळे सांगणारी बाई स्पष्ट आहे, कानाजवळ बसून गातेय इतकी स्पष्ट, आणि उचलणाऱ्या बायका अधूनमधून अर्धवट शब्दांसारख्या कुजबुजतात, मग विरतात. ती ओळ संपवते आणि कुणी उचलत नाही. ती पुढची ओळ घेते.

ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडलेले इमोजी टाकले. फुईने फोन करून विचारलं, "बाकीन्या कुठे गयात?"

या टूलमध्ये कुठेही लेबल दिसत नाही हे लक्षात घ्या. पडद्यावर फक्त एक बटण आहे. पण आत लेबल लागलेलंच आहे. हे बोलणं, हे नॉइज. लावलं, त्यावर निर्णय झाला आणि कचरा फेकला, सगळं एका क्लिकमध्ये. निदान इफेक्टचं नाव चुकीचं लागलं तर आपण हसून सोडून देतो. इथे नावाबरोबर आवाजच जातो. म्हणून लेबलाचा वाद हा शब्दकोशाचा वाद आहे, त्यात काय एवढं, असं मला वाटत नाही. कॅसेट एकच होती, आणि अशा कॅसेट अजून किती घरांत मोबाईलमध्ये उतरवल्या जायच्या राहिल्यात ते कुणी मोजलेलं नाही.

हे सगळं आता आणखी एक पाऊल पुढे जातंय. २०२४ मध्ये पार्डो यांच्याच गटातून टेक्स्ट-टू-एफएक्स नावाचं काम आलं. शब्द लिहा, आणि आवाज व मजकूर एकत्र शिकलेल्या मोठ्या मॉडेलच्या मदतीने ईक्यू आणि रीव्हर्बचे नॉब आपोआप त्या शब्दाच्या दिशेने सरकतात. आता कुणाला शब्द विचारावाही लागत नाही, सगळे शब्द आधीच आत आहेत. फक्त ते इंटरनेटवरच्या इंग्रजी मजकुरातून आलेत. लेबल आधी आवाजाचं वर्णन करत होतं, आता ते आवाज बनवतं. खापरच्या पोराला हवा असलेला भोंग्याचा घुमारा इंग्रजीत कसा मागायचा हे त्याने शिकायचं. तो शिकेलही. पोरं हुशार आहेत. 'वाइड कॅथीड्रल रीव्हर्ब' लिहील, चर्चचा घुमारा मिळवेल, आणि त्यातून मंडपाच्या जवळ येईपर्यंत नॉब फिरवत बसेल. मला वाईट वाटतं ते त्या वळशाचं.

याच जिल्ह्यातले कवी वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' ही कविता बऱ्याच जणांनी वाचली असेल. स्टेजवर कोण बसतं, आणि कुणाचं दुःख कोण सांगतं, हा तिचा प्रश्न आहे. इफेक्टच्या यादीला इतकी मोठी कविता लावायची का, असं मला लिहिताना वाटून गेलं. पण त्या कवितेतला प्रश्न बोलण्याच्या हक्काचा आहे, आणि सेफ हा प्रकल्प मला आवडतो तो नेमका त्याच कारणाने. चौकट मोकळी होती, शब्द वापरणाऱ्याचा होता. त्या चौकटीला फक्त दोन गोष्टी कमी पडल्या असं मी म्हणेन. कुठे ऐकताय हे विचारणारी एक ओळ, आणि क्रियापद चालेल असं सांगणारी एक सूचना. हे दोन्ही कोडमध्ये घालायला एक दुपार पुरेल. देवनागरीला कदाचित दुसरी दुपार लागेल. मी वापरलेल्या एका प्लगइनमध्ये 'घुमतंय' लिहिल्यावर सहा चौकोन दिसले होते.

तोवर खापरमध्ये लेबलं लागतायतच. आमच्याकडच्या एका बँडच्या मिक्सरवर प्रत्येक चॅनेलखाली पांढरी चिकटपट्टी आहे, तिच्यावर मार्करने लिहिलंय: मेन, बाई, की, ढो १, ढो २. या पाचांत वेगळं काही नाही, जगातल्या कुठल्याही मिक्सरवर असंच लिहिलेलं असतं. पण इकोच्या नॉबभोवती दोन आडव्या रेघा ओढल्यात. वरच्या रेघेपाशी लिहिलंय 'जेवण', खालच्या रेघेपाशी 'रात'. वाजवणाऱ्या दादाला विचारलं तर म्हणाला, जेवणाच्या वेळी मंडप भरलेला असतो, माणसं आवाज खातात, तेव्हा इको इथवर चालतो. एक वाजल्यानंतर माणसं कमी होतात, मग आपोआप घुमायला लागतं, तेव्हा इथे खाली आणायचा. शेड असेल तर अजून थोडा खाली. थंडीत पट्टी सुटते, म्हणून दर सीझनला नवी लावतो आणि पहिल्या लग्नात रेघा पुन्हा ओढतो.